धुळा कुटवर आला?

मी एक कॅसेट. नाव ऐकून कान टवकारू नका, मला गाणं येत नाही. माझ्या पोटात फीत नाही, हिरवी पाटी आहे, आणि बाहेरून पिवळ्या प्लॅस्टिकचा अंगरखा. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या डब्यात मला उभी खोचतात, बटण दाबतात, आणि माझ्या पोटातला एक चिमुकला माणूस पडद्यावर धावायला लागतो. तो उड्या मारतो, खड्ड्यात पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून धावतो. एवढंच माझं काम.

सध्या पलूसजवळच्या एका गावात, एका पांढऱ्या डब्याच्या तोंडात बसून मी बोलते आहे. अंग चांगलंच तापलं आहे. ते का, हे सांगेनच, पण आधी थोडं मागचं सांगायला हवं.

माझा जन्म कुठल्या देशातला हे मला ठाऊक नाही. लांबच्या कुठल्या तरी कारखान्यात, हजार बहिणींच्या रांगेत मी तयार झाले. माझ्या अंगावर जो कागद चिकटवला त्यावर विमान, रणगाडा, वाघ आणि मोटारसायकल अशी चार चित्रं होती आणि खाली मोठ्या आकड्यात लिहिलं होतं, नव्व्याण्णव खेळ. पोटात खेळ एकच! जन्मतःच माझ्या कपाळी हे खोटं चिकटलं. पुढे एक खरं मला माहीत असून सांगता आलं नाही, ते दुःख निराळंच.

शहाण्णव साली हंबीरराव हळद घेऊन सांगलीला आले. सौद्यात हळदीचं सोनं झालं, आणि त्या खुशीत त्यांनी बाजारातून बायकोला लुगडं आणि पोरांना मी आणि डबा अशी जोडी घेतली. येताना एसटीत त्यांनी आम्हाला मांडीवर घेतलं होतं. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय हाय वो ह्यात?" तर हंबीरराव म्हणाले, "काय म्हाईत न्हाई गड्या. पोरं सांगतील."

पोरं दोन. थोरला इंद्रजित बारा वर्षांचा, धाकटा विश्वजित आठ वर्षांचा. घरात त्यांना इंद्रा आणि इस्वा म्हणत. पहिल्याच दिवशी दोघांनी मला डब्यात खोचलं, आणि पडद्यावर माझा माणूस उभा राहिला. खांद्यावर गाठोडं, हातात काठी, डोक्याला लाल ठिपका. स्वयंपाकघराच्या दारातून पोरांची आई साळूबाई पीठ लागल्या हातानं बघत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "आगं बया, ह्यो तर आपला धुळा!"

धुळा म्हणजे आटपाडीकडचा मेंढपाळ. दर साल सुगी झाली की तो मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचा आणि खतासाठी हंबीररावांच्या रानात मेंढरं बसवायचा. खांद्यावर घोंगड्याचं गाठोडं आणि डोक्याला तांबडं मुंडासं. पाण्याचा पाट आला की काठी टेकून असा उडी मारायचा, की पोरं बघत राहायची. त्या दिवसापासून माझ्या पोटातल्या माणसाचं नाव धुळा पडलं. खरा धुळा पुढच्या साली आला तेव्हा पोरांनी त्याला ओढून टीव्हीसमोर बसवला. त्यानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मी हितं पळतूय, तर मग मेंढरं कोण राखतंय?"

माझ्या खेळात आठ टप्पे आहेत. पहिल्यात माळ, दुसऱ्यात नदी, मग गुहा, मग बर्फ, आणि आठव्यात एक गड. गडाच्या दारापाशी मोठी भिंत आहे. ती ओलांडली की खेळ संपतो म्हणतात. म्हणतात एवढ्यासाठी, की या घरात ती कुणी कधी ओलांडली नाही. माझ्यात आठवण ठेवायची सोय नाही. बटण बंद झालं की धुळा पुन्हा पहिल्या माळावर. आणि त्या काळी वीज कधी जाईल याचा नेम नसायचा. पोरं सातव्या टप्प्यावर आली की हमखास जायची. इस्वा भोकाड पसरायचा. इंद्रा म्हणायचा, "जाऊ दे रं, उद्या परत पहिल्यापास्नं."

हंबीररावांनी रिमोटला कधी हात लावला नाही. पण संध्याकाळी रानातून आले की अंगणात पाय धुता धुताच आत हाक मारायचे, "धुळा कुटवर आला रं?"

"पाचव्याला, आप्पा!"

"बरं बरं. यू दे निवांत."

जसा काही धुळा आमच्याच घरी पाहुणा यायला निघालाय. मला त्यांची ती हाक फार आवडायची.

आता एक गुपित सांगते. खेळ दोघांनी आळीपाळीनं खेळायचा असतो. एकाचा धुळा खड्ड्यात पडला की दुसऱ्याची पाळी. इंद्राचा हात पक्का, तो पडायचाच नाही. इस्वा शेजारी बसून हुंदके गिळत वाट बघायचा. मग इंद्रा सोप्यातल्या सोप्या खड्ड्यात धुळ्याला घालायचा आणि म्हणायचा, "आयला, पडला! घे, तुझी पाळी." चुकून पडणं वेगळं आणि मुद्दाम पडणं वेगळं. चुकून पडणारा शेवटपर्यंत बटण दाबत राहतो. मुद्दाम पडणाऱ्याचा अंगठा आधीच उचललेला असतो. इस्वाला ते कधी कळलं नाही, पण मला प्रत्येक वेळी कळलं.

मी बंद पडायची तेही सांगायला हवं. माझ्या खालच्या बाजूला पितळेच्या रंगाच्या बारीक पट्ट्या आहेत, त्या डब्यात घट्ट बसल्या तरच धुळा उठतो. धूळ बसली की पडदा नुसता मुंग्या आल्यासारखा व्हायचा. मग पोरं मला काढून फुंकायची. त्यांचा दम पुरेना म्हणून साळूबाईंनी चुलीची फुंकणी आणून माझ्यात फुंकर घातली, तेव्हा राखेचा एक कण आत गेला तो आजही आहे. पुढे पुढे फुंकूनही भागेना. पट्ट्यांवर थुंकी बसून त्या काळ्या पडल्या होत्या. दिवाळीच्या आधी साळूबाई अंगणात पितळेची भांडी घासायला बसल्या होत्या. त्यांनी मला उचललं, पट्ट्या बघितल्या, आणि काय केलं असेल? चिंचेचा बोळा घेतला आणि मला घागरीसारखी खसाखसा घासली! वर नळाखाली धरली.

पोरं शाळेतून आली तेव्हा मी पत्र्यावर घासलेल्या भांड्यांच्या शेजारी वाळत पडले होते. इस्वा तर गडाबडा लोळला. दोन दिवस घरात सुतक असल्यागत. तिसऱ्या दिवशी इंद्रानं जीव मुठीत धरून मला डब्यात खोचलं, आणि धुळा असा लखलखीत उठला, की साळूबाई महिनाभर आळीत सांगत होत्या, "चिचंनं काय बी निघतंय."

दिवस गेले. इंद्रजित एकोणीस वर्षांचा होऊन फौजेत भरती झाला, विश्वजितनं शेतात द्राक्षं लावली, बेदाण्याची शेड उभी केली. आम्ही दोघं, मी आणि डबा, घराच्या पुढच्या सोप्यातल्या फळीवर टीव्हीशेजारी बसून राहिलो. इंद्रजित सुट्टीवर आला की पहिल्या दिवशी दोघं भाऊ एकदा तरी खेळायचे. तेवढ्यानं माझं वर्ष निघायचं.

मग दोन हजार अकराचा जानेवारी आला. हंबीरराव सकाळी चहा घेता घेता छातीला हात लावून गेले. इंद्रजित तेव्हा बर्फातल्या एका चौकीवर होता, तिथली वाट बंद झाली होती. पुढचं मी सोप्यातल्या फळीवरून सगळं बघितलं, म्हणून सांगते. विश्वजित दारात उभा राहून फोनवर फोन लावत होता. "साहेब, दादाला निरोप पोचला का? साहेब, गाडी कवा सुटंल?" भावकीतली वडीलधारी माणसं म्हणायला लागली, की आता उचलायला हवं. तो त्यांच्या अंगावर धावून गेला. "दादा आल्याबिगर माझ्या आप्पास्नी कुणी हात लावायचा न्हाई!" तो दिवस गेला. बर्फाच्या लाद्या आणल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी साळूबाईंनी त्याला आत बोलावलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "इस्वा, बास कर आता. पोरगं कवा यील कुणास ठावं. त्यास्नी आणखी ताटकळत ठिवू नगं. उचला."

इंद्रजित पाचव्या दिवशी आला. अंगणात पिशवी टाकून तो असा ओरडला, की फळीवरची मी थरारले. "कुणी सांगितलं उचलायला? कुणी सांगितलं?"

साळूबाईंचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. विश्वजितनं आईच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "मी."

बस. त्या एका शब्दानं दोन भाऊ तुटले. मी ओरडून सांगितलं असतं हो, पण मला तोंड कुठं आहे? जे आहे ते फक्त डब्यात खोचण्यापुरतं. त्या दिवशी मला माझ्या जन्माची पहिल्यांदा चीड आली.

पुढच्या सुट्टीत इंद्रजितनं वाटणी मागितली. पंच म्हणून चुलत चुलते लालासाहेब बसले. आमच्याकडची रीत अशी, की थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, म्हणजे कुणाच्या मनात काळंबेरं राहत नाही. शेत झालं, घर झालं, सोप्याच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं. भांडीकुंडी झाली. शेवटी राहिलो आम्ही. इंद्रजित म्हणाला, "ती मला पायजे." विश्वजित म्हणाला, "मला बी."

लालासाहेब माणूस न्यायाचा. इतका न्यायाचा, की जात्याचा वरचा दगड एकाला आणि खालचा दुसऱ्याला देऊन तो घरी जाऊन शांत झोपेल. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मग सोपं हाय की! डबा एकाला, कॅसेट एकाला. कुणाला कमी न्हाई, कुणाला जास्त न्हाई." सगळ्या पंचांनी माना डोलावल्या.

रीतीप्रमाणे विश्वजितनं आधी उचलायचं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि डबा उचलला. मला फार लागलं ते. खेळ माझ्या पोटात असताना या पोरानं रिकामं खोकं घ्यावं?

मी इंद्रजितच्या काळ्या पत्र्याच्या पेटीत गेले. दहा वर्षं मी हिंदुस्थान बघितला असं म्हणायला हरकत नाही, फक्त पेटीच्या आतून. लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून, हंबीररावांच्या फोटोशेजारी. कधी वाळूतली चौकी, कधी डोंगरातली. वर्षाकाठी एकदा तो मला बाहेर काढायचा, पट्ट्यांवर फुंकर मारायचा, परत ठेवायचा. एकदा एका जोडीदारानं विचारलं, "हवालदार साब, ये क्या है?"

"गेम है. मशीन भाई के पास है."

"तो मंगवा लो भाई से."

इंद्रजितनं पेटी लावली.

एकवीस साली तो फौजेतून निवृत्त होऊन घरी आला आणि भिंतीच्या आपल्या बाजूला राहू लागला. तीन वर्षं भिंतीपलीकडून मला माझ्या डब्याच्या घरातली खोकल्यापासून शिट्टीपर्यंत सगळी चाहूल लागायची. साळूबाई एक महिना इकडे, एक महिना तिकडे जेवायच्या. दोन्हीकडे त्यांची थाळी होती, पण दोन्हीकडे त्या अर्धी भाकरी टाकून उठायच्या.

मागच्या रविवारी पेटी उघडली. इंद्रजितला साताऱ्यात सुरक्षारक्षकाची नोकरी लागली होती, मुलगी पूजा तिथंच कॉलेजात जाणार होती. बायको माया सामान बांधत होती. चार वाजता पप्पूचा टेम्पो यायचा होता. आपली बाजू कुणाला तरी भाड्यानं देऊन टाकायची आणि परत या दारात पाऊल ठेवायचं नाही, असं इंद्रजितनं ठरवलं होतं. साळूबाई जमिनीवर बसून बघत होत्या. मोज्यांची गुंडाळी सुटली आणि मी त्यांच्या मांडीवर पडले.

"ही कुणाची रं?"

"माझ्या वाटणीची."

साळूबाईंनी मला पदराखाली घेतलं आणि उठून बाहेर चालू लागल्या. "आई, त्ये सामान हाय माझं! आई!" म्हणत इंद्रजित मागं. त्या आळीतून वळून थेट विश्वजितच्या दारात शिरल्या, आणि त्यांच्यामागं इंद्रजितही शिरला. आत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आपण कुठं उभे आहोत ते.

विश्वजित हातात बनियन धरून उभाच राहिला. साळूबाई म्हणाल्या, "डबा काढ. जायच्या आधी मला एकडाव धुळा बघायचाय."

डबा फळीवर होता, जुन्या लुगड्याची खोळ घालून. खोळ काढली आणि मी बघितलं, त्याच्या पांढऱ्या अंगावर हळदकुंकवाचे ठिपके होते. एकावर एक चढून त्यांचा पापुद्रा झाला होता. इंद्रजितनं बोटानं तो चाचपला.

"दसऱ्याला," साळूबाईंनी सांगितलं, "खुरपं, विळा, औषधाचा पंप आणि ह्यो. दर साली मांडतोय पूजेला. मी म्हटलं, ह्ये काय हत्यार हाय व्हय रं? तर म्हणतोय, असू दे."

नव्या टीव्हीच्या पाठीमागं जुन्या पिनेचं भोक अजून शिल्लक होतं, हे आमचं नशीब. दोघं भाऊ वायरी लावायला वाकले, पण बोलायचं कसं? "आई, त्याला सांग, पिवळी पिन हिकडं." "आई, त्याला म्हणावं, मला दिसतंय." साळूबाई मधे उभ्या राहून दोन्हीकडचे निरोप पोचवत होत्या, दोघांत हाताएवढं अंतर असताना.

बटण दाबलं. पडदा मुंग्यांनी भरला. इंद्रजितनं मला काढून फुंकलं, परत खोचलं. मुंग्या. मग विश्वजितनं फुंकलं. मुंग्याच. तेरा वर्षांचा मळ नुसत्या वाऱ्यानं कसा निघणार?

"आणा हिकडं," साळूबाई म्हणाल्या. "न् चिच आणा."

अंगणातल्या नळाशी त्या बसल्या, चिंचेचा बोळा भिजवला आणि मला घासू लागल्या. आता त्यांच्या बोटांत पहिला जोर नव्हता. दोघं भाऊ दोन बाजूंना उभे. वर न बघता त्या म्हणाल्या, "इंद्रा, तुज्या आप्पास्नी उचला म्हणून म्या सांगितलं हुतं."

त्यांनी मला उलटी केली आणि दुसरी बाजू घासायला घेतली.

"इस्वानं दीड दिस धरून ठिवलं. भावकीच्या अंगावर धावून गेला तुज्यासाटनं. मीच त्याला आत बोलवून म्हटलं, बास कर. तू आलास, वरडलास, कुणी सांगितलं म्हणून. मी तोंड उघडायच्या आत त्यो म्हणला, मी."

"आई, कशाला काढतीस आता त्ये," विश्वजित म्हणाला.

इंद्रजित म्हणाला, "मग तू तवाच का न्हाई सांगितलंस?"

साळूबाईंचा अंगठा माझ्यावर थांबला. "भ्याले रं. पोटच्या पोराला भ्याले. आज सांगू, उद्या सांगू करत भिंत झाली. भिंत झाल्यावर आणखी भ्याले. आता तू चाललास. आज न्हाई सांगितलं तर ह्ये माज्याबरूबर सरणावर जायचं."

जे मी तेरा वर्षं पोटात घेऊन फिरले, ते त्या म्हातारीनं चिंचेच्या दोन बोळ्यांत बोलून टाकलं. माझ्या डोळ्यांना पाणी असतं तर वाहिलं असतं. त्याऐवजी नळाचं वाहिलं. इंद्रजित खाली बसला, आईच्या हातातून मला घेतलं आणि स्वतः धुऊ लागला, बराच वेळ, गरज नसताना.

"शेडात चल," विश्वजित हळू आवाजात म्हणाला. "वारं लय हाय तितं, लगी वाळंल." मधे आई न घालता तेरा वर्षांत बोललेली ही पहिली गोष्ट.

बेदाण्याचा हंगाम संपला होता. शेडातल्या जाळ्या रिकाम्या होत्या, पण गोडसर वास अजून भरून होता. मला एका जाळीवर ठेवलं. मे महिन्याचा गरम वारा दोन्ही बाजूंनी लागत होता. खाली मातीत दोघं भाऊ बसले. इंद्रजित मधूनमधून उठून मला पालथी करत होता.

"दीड दिस?"

"व्हय."

"मला वाटलं, तू तासभर सुदिक थांबला न्हाईस."

"तू इचारलंस कुटं?"

"तू सांगायचं हुतंस, इस्वा."

"आईचं नाव घिऊ? त्या दिशी तू कसा दिसत हुतास, तुला म्हाईत न्हाई दादा."

अठरा वर्षं फौजेत काढलेला हवालदार गुडघ्यात तोंड घालून रडला. विश्वजितनं आधी इकडे तिकडे बघितलं, मग त्याच्या पाठीवर हात ठेवला. बापाच्या मागं जे रडायचं राहून गेलं होतं ते दोघांनी त्या शेडात एकत्र रडून घेतलं. शेडाच्या दारात साळूबाई आल्या होत्या. त्या आत आल्या नाहीत, तशाच मागं वळल्या.

बऱ्याच वेळानं इंद्रजितनं नाक पुसत विचारलं, "वाटणीत तू डबा का उचललास रं? खेळ तर हिच्यात हाय."

"डबा तुज्या पेटीत मावला नसता," विश्वजित म्हणाला.

मी तेरा वर्षं या माणसावर रुसून होते! जाळीवर पडल्या पडल्या मला माझीच लाज वाटली.

दोनाला मला पुन्हा डब्यात खोचलं. क्षणभर पडदा काळा राहिला. मग टुण टुण करत माळ उगवला आणि माळावर गाठोडं घेऊन धुळा उभा राहिला. साळूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "आला गं बया," त्या म्हणाल्या.

चाळिशीतले अंगठे, पण विसरले नव्हते. माळ गेला, नदी गेली. बर्फाच्या टप्प्यावर इंद्रजित जरा थांबला, मग पुढे गेला. सातव्याला त्याचा धुळा खरोखर चुकून पडला आणि पाळी विश्वजितकडे गेली. विश्वजित काय खेळला! पहिल्या माळापासून निघाला तो थेट आठव्यात शिरला, गडाच्या पायऱ्या चढला. पुढे दोनच खड्डे आणि मग ती भिंत, जी या घरानं कधी ओलांडली नाही. बाहेर पप्पूच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. इंद्रजित उठायला लागला.

एक साधा खड्डा होता. लहान पोरानं ओलांडावा असा. विश्वजितचा अंगठा आधीच उचलला गेला आणि धुळा खाली पडला.

"आयला, पडला!" विश्वजित म्हणाला. "घे दादा. तुझी पाळी."

इंद्रजित त्याच्याकडे बघत राहिला. "मुद्दाम पडलास."

"न्हाई गड्या. चुकून."

"इस्वा, ह्ये मी केलंय. मला शिकवू नगं."

तेव्हा मात्र विश्वजितच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तीस वर्षांपूर्वीचे सगळे सोपे खड्डे त्याला एकदम आठवले असावेत. "म्हंजी तू..." म्हणत त्यानं रिमोट पुढं केला.

इंद्रजितनं रिमोट घेतला. पुन्हा पहिल्या माळापासून सात टप्पे पार करून त्याचा धुळा गडावर आणला, ते दोन खड्डे ओलांडले आणि त्याला भिंतीच्या ऐन पायाशी उभं केलं. तोवर पप्पूनं चार वेळा हॉर्न वाजवला होता आणि माया दोनदा बोलवून गेली होती. एक उडी राहिली होती. इंद्रजितनं ती मारली नाही. त्यानं थांबवायचं बटण दाबलं आणि रिमोट जमिनीवर ठेवला.

"मार की," विश्वजित म्हणाला.

"रविवारी येतो तवा मारीन. बंद करू नगं. माझी पाळी हाय."

"लाईट गेली तर?"

"इन्व्हर्टर हाय न्हवं तुझा? मग."

त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं, साळूबाईंनी त्याच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, आणि टेम्पो साताऱ्याकडे गेला. मला त्यानं पेटीत नेलं नाही. वाटणी आहे तशी राहिली, भिंतही आहे तिथंच आहे. मी तेवढी डब्यात राहिले.

आज गुरुवार. सलग पाचवा दिवस मी चालू आहे, म्हणून अंग तापलंय. साळूबाई दिवसातून दहा वेळा येऊन डब्यावर हात ठेवतात, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि पदरानं वारा घालतात. काल दोनदा वीज गेली, पण इन्व्हर्टरनं लाज राखली. परवा धाकट्या सुनेनं झाडताना वायरीला केरसुणी लावली, तेव्हा या घरात जो गलका झाला तो हंबीररावांच्या काळातही झाला नसेल.

रोज संध्याकाळी सातला साताऱ्याहून फोन येतो. विश्वजित तो मोठ्या आवाजावर लावतो. पलीकडून एकच हाक येते, आणि ती ऐकताना साळूबाई डोळे मिटून घेतात, कारण आवाज अगदी बापाचा आहे.

"धुळा कुटवर आला रं?"

"तितंच हाय दादा. भिंतीपाशी."

"बरं बरं. यू दे निवांत."

तर मंडळी, माझं एवढंच सांगणं होतं. तुमच्याही घरात माळ्यावर माझी एखादी बहीण पडली असेल, तिचा डबा दुसऱ्या कुणाकडे असेल. चिंच स्वस्त आहे. आणि रविवारच्या आत कधी आमच्या घरी आलात, तर बसा, चहा घ्या, साळूबाईंशी बोला. टीव्ही फुकट चालू दिसला तरी बटणाला तेवढा हात लावू नका. पाळी इंद्रजितची आहे.